शिवणक्लासातले सर

दहावीची परीक्षा देऊन मोकळं झालेलं मूल घरात असणं ही आईबापांची खरी परीक्षा. निकाल लागेपर्यंत 'अभ्यासाला बस' म्हणायची सोय नाही, आणि 'तो मोबाइल ठेव' म्हटलं की 'मग काय करू?' हा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर कुठल्याच गाइडात दिलेलं नसतं. आमच्या कन्येने ते स्वतःच शोधून काढलं. मावशीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला तिचा घागऱ्यावरचा ब्लाउज 'उद्या नक्की' या बोलीवर शिंप्याकडे अडकून पडला होता, तो वऱ्हाड घरी परतल्यावर मिळाला. त्याच दिवशी तिने जाहीर केलं, "मी शिवण शिकणार."

"शीक की," मी म्हणालो आणि खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवतो. मोजमापाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. "त्यात शिकण्यासारखं आहे काय एवढं? माप घ्यायचं, रेघ आखायची आणि रेघेवरून जायचं. सगळी भूमितीच तर आहे."

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मग तुम्हीही जाता का तिच्यासोबत?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला प्रश्न कुठला आणि सापळा कुठला हे ओळखता यायला हवं. मी म्हणालो, "न जायला काय झालं?"

मशीन घरात होतंच. आईचं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली ओतीव लोखंडाचं पायडल. आई गेल्यापासून त्यावर इस्त्रीला जायचे कपडे साठत. याच मशीनवर आईने आम्हा भावंडांचे शाळेचे गणवेश शिवले आणि ते सगळे 'वाढत्या अंगाचे' शिवले. माझी खाकी चड्डी जूनमध्ये गुडघे झाकायची. पुढच्या जूनला आई खालची दुमड उसवून ती खाली सोडायची, तेव्हा विटलेल्या खाकीखाली कोऱ्या खाकीचा गडद पट्टा उघडा पडायचा. वर्गात नवे आलेले मास्तर पट्टे बघून कोण किती वर्षं शाळेत आहे ते ओळखत. अशा आईचा मुलगा असल्यामुळे शिवणकाम माझ्या रक्तात असणार, असाही एक विचार माझ्या मनात होता. रक्ताचा संबंध पुढे आला, पण तो सुई बोटात गेल्यावर.

क्लास आमच्याच गल्लीत, एका बाईंच्या घरी. बाई साठीच्या पुढच्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम टेप. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तेव्हा आतल्या एका वहिनींनी "मीटर जिन्याखाली आहे" असं सांगून दार लोटून घेतलं. क्लासात मी एकटाच पुरुष होतो. वास्तविक लक्ष्मी रस्ता घ्या नाहीतर कुठल्याही तालुक्याची बाजारपेठ घ्या, 'लेडीज टेलर' या पाटीखाली मशीनवर पुरुषच बसलेला दिसतो. पैसे मिळतात ते शिवण पुरुषांचं आणि मिळत नाहीत ते घरातल्या बाईचं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. मी हे बाईंना समजावून सांगितलं. संत नामदेवही शिंपीच होते, हेही सांगितलं.

"नामदेवांच्या मदतीला पांडुरंग होता," बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही आधी पायडलवर पाय ठेवा."

शिवण शिकायला लागलं की लगेच शिवायला मिळतं, हा माझा पहिला गैरसमज. आधी दोराच मिळत नाही. वहीचा रेघांचा कागद सुईखाली धरायचा आणि बिनदोऱ्याची सुई रेघेवरून चालवायची. पायमशीनचं चाक सुरुवातीला हाताने आपल्याकडे फिरवून गती द्यावी लागते, आणि मग चवडा-टाच, चवडा-टाच अशी पायांनी ती राखावी लागते. लय जरा चुकली की चाक उलटं फिरतं. माझं चाक उलटं फिरण्यासाठी लय चुकायची वाट बघत नसे. कन्येचं पाऊल पहिल्याच दुपारी जमलं. तिचा कागद खिडकीसमोर धरला की उजेडाची बारीक, सरळ रेघ दिसे. माझ्या कागदातून नक्षत्रं दिसत.

"मशीनचा पट्टा ढिला आहे," मी म्हणालो. पट्टा आवळून झाला. "स्टूल बुटकं आहे." स्टूल बदललं. मग माझ्या लक्षात आलं की दोष फरशीत असणार. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून पाणसळ आणली आणि मशीनखालची जमीन तपासली. बुडबुडा मध्यावर राहीना. खिडकीकडे स्पष्ट उतार होता. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं.

बाईंनी पाणसळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि क्लासाकडे वळून त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, हे आम्ही आजवर नुसतं ऐकत होतो. सरांनी मोजून दाखवलं." त्याच अंगणात, त्याच मशीनवर माझ्यानंतर कन्या बसली आणि तिने कागदावर सरळ रेघांचं आख्खं पान काढलं.

हाताने जमेना तेव्हा मी डोक्याने शिकायचं ठरवलं. शिकलेल्या माणसाला हा आधार असतो. कन्या रात्री बॉबिन भरत बसायची तेव्हा मी शेजारी बसून तिला शिलाई मशीनचा इतिहास सांगायचो. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं आणि लष्करी गणवेश शिवायचा कारखाना काढला. पुढे पॅरिसचे शिंपी जमावाने आले आणि त्यांनी त्याची मशिनं फोडून टाकली. पोटावर पाय येईल या भीतीने फोडली, असं इतिहास सांगतो. मला आता वेगळा संशय आहे. त्यांचाही खालचा दोरा गुंतला असावा.

मग अमेरिकेतला एलियास हाऊ. आपल्या हातशिलाईच्या सुईचं नेढं शेपटाकडे असतं, मशीनच्या सुईचं टोकाकडे. हाऊचं पेटंट १८४६ चं. भाल्यांच्या टोकांना भोकं आहेत असं स्वप्न त्याला पडलं आणि त्यावरून नेढ्याची जागा सुचली, अशी एक आख्यायिका आहे. स्वप्नं मलाही पडू लागली होती. माझ्या स्वप्नातले भाले बाईंच्या हातात असत. त्यानंतर १८५१ साली पेटंट घेतलेला आयझॅक सिंगर. त्याने सुई उभी केली, पायडल जोडलं आणि मशीन घरोघर पोचवलं. यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोला टाके घालत खपताना पाहून, तिच्या प्रेमापोटी सिंगरने हे मशीन केलं, अशा अर्थाचं ते बोलले होते.

"ऐकलंत का?" आतून बायको म्हणाली. "बायकोच्या प्रेमापोटी."

मग मला सांगावं लागलं की सिंगरसाहेबांचं प्रेम एका बायकोपुरतं मर्यादित नव्हतं आणि त्यांना निरनिराळ्या बायकांपासून झालेली मुलं वीसहून अधिक होती. एवढ्या झबल्यांचा हिशेब समोर असलेला माणूस मशीन काढणार नाही तर काय करणार?

"बाबा," कन्या म्हणाली, "तुझा इतिहास होईपर्यंत माझ्या सहा बॉबिनी भरून झाल्या."

यथावकाश दोरा मिळाला. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या अंगाशी वरच्या दोऱ्याचा बारीकसा फास तयार होतो. खालचं आकड्याचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं, आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर डोकावतो, कमी झाला तर वरचा खाली लोंबतो. हे मला फळ्यावर आकृती काढून सांगता येतं. प्रत्यक्षात मी चार टाके घातले की मशीन गुरगुरे आणि कापडाच्या खाली दोऱ्याचं घरटं तयार होई. घरटं खाली म्हणजे दोष खालचा, या तर्काने मी बॉबिन केस खोलून तिचा इवलासा स्क्रू फिरवला. तो निसटला. फरशीच्या उताराने तो खिडकीकडे घरंगळत गेला आणि माझं पाणसळीचं निदान बरोबर होतं हे पुन्हा सिद्ध झालं, पण त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

कन्येने येऊन पाहिलं. "घरटं खाली झालं की वर बघायचं बाबा. तू प्रेसर फूट खालीच केलेला नाहीस. वरच्या दोऱ्याला ताण येणार कुठून?"

"पण आकृतीप्रमाणे..."

"सोपं आहे बाबा. फक्त लक्ष दे."

हे वाक्य माझं होतं. तिच्या अपूर्णांकांच्या दिवसांत, त्रैराशिकाच्या दिवसांत, भूमितीची प्रमेयं चालू होती त्या दिवसांत मी ते तिला याच सुरात ऐकवत आलो होतो. आता ते मला परत मिळालं, आणि व्याजासकट, कारण ते बोलताना तिने माझ्या पाठीवर थापही मारली. आपली मुलं आपल्याला फक्त येत असलेल्या गोष्टी करताना बघतात. येत नसलेल्या गोष्टी आपण एकतर करत नाही, नाहीतर ती शाळेत गेल्यावर करतो. त्यामुळे बाप म्हणजे सगळं येणारा माणूस असा त्यांचा समज असतो, आणि खोटं कशाला सांगा, तो टिकावा अशी आपली धडपड असते. माझ्याबद्दलचा तो समज बाईंच्या हॉलमध्ये जाहीरपणे फाडला जात होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. ती इतकी खूश दिसत होती की तिचं पाऊल आणखी लयीत पडू लागलं.

तिच्यात आणि माझ्यात फरक नेमका कुठे आहे तेही हळूहळू दिसू लागलं. टीप वाकडी गेली की ती "ई" म्हणायची, अर्धं ब्लेड उचलायची, टीप उसवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. उसवण्यात तिला काडीचा कमीपणा वाटत नसे. मी मात्र वाकडी टीप गेली की ती वाकडी का गेली याचं निवेदन सुरू करायचो. कापड निसरडं आहे, १६ नंबरची सुई या कापडाला जाड आहे, उजेड डावीकडून हवा. "बाबा, तू कारण सांगतोस तेवढ्यात माझं उसवून पुन्हा शिवून होतं," ती एकदा म्हणाली. मी यावरही एक कारण सांगितलं.

शिवणक्लासाचा अभ्यासक्रम माणसाच्या जन्मापासून सुरू होतो. लंगोट, टोपडं, झबलं, मग फ्रॉक, परकर, आणि असं करत करत ब्लाउजपर्यंत. कापड कमी लागतं आणि चुकलं तर नुकसान कमी, हा त्यामागचा व्यवहार. झबल्यासाठी कापडाची चौघडी घालायची, छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्यात माया धरायची आणि घडीच्या बाजूने गळा कापायचा. चार पदरांना एक घडीची बाजू असते आणि एक सुटी. मी सुट्या बाजूने गळा कापला. एकच कात्री, पण पूर्ण आत्मविश्वासाने. उलगडल्यावर हातात जे आलं त्याला गळा कुठेच नव्हता. मध्ये कापड सलग होतं आणि चारी कोपरे अर्धवट चंद्रासारखे खाल्लेले होते.

बाईंनी ते दोन्ही हातांत उंच धरलं. "सर, बाळाने डोकं कुठून काढायचं?"

१८०२ साली लॅम्बटन या सर्वेक्षकाने मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि त्या कामातून पुढे अख्खा हिंदुस्थान मोजला गेला. त्या परंपरेतल्या माणसाला वीतभर झबल्याची घडी कळू नये, हे मलाही लागलं. मी घरी आणखी झबली कापली. कन्येने तर सगळा बाळंतविडाच पुरा केला. खडूच्या खुणा जाव्यात म्हणून बायकोने सगळं धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर ओळीने वाळत घातलं.

संध्याकाळी समोरच्या काकू डबा घेऊन आल्या. डब्यात अळिवाचे लाडू होते. "आत्तापासून खायला हरकत नाही," असं म्हणत त्यांनी बायकोच्या पोटाकडे आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी चाळिशीचा चष्मा काढून खिशात ठेवला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात गाठून माझा हात हातात घेतला आणि "या वयात? धाडस आहे!" असं म्हणून तो बराच वेळ सोडला नाही. खुलासा करण्यात अडचण अशी की "ती झबली मी शिवली आहेत" या वाक्यावर कुणाचा विश्वास बसेना. त्या मानाने पहिली बातमी लोकांना अधिक पटत होती. बायकोने लाडू खाल्ले आणि डबा घासून परत दिला. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

फ्रॉकमध्ये मात्र माझ्या विद्येने मला हात दिला. बाही मुंढ्याला जोडायची वेळ आली तेव्हा बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा चांगला दोन इंच जास्त भरला. इतर कुणी असता तर गडबडला असता. पण सर्वेक्षणात आम्ही जमिनीला फेरी घालून निघालेल्या बिंदूवर परत येतो तेव्हा आकृती कधीच नेमकी जुळत नाही. जो फरक उरतो तो बाऊडिचच्या नियमाने प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायचा असतो. मी ते दोन इंच सुतासुताने सगळ्या मुंढ्यावर वाटले. जागोजागी चुण्या पडल्या.

"अगं बाई, फुग्याची बाही!" बाई म्हणाल्या. "ही तर मी अजून शिकवलेलीच नाही."

मी नम्रपणे मान लववली. कन्येने माझ्याकडे रोखून पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. घरी येताना तिने त्याबद्दल एक आइस्क्रीम वसूल केलं.

हा विजय डोक्यात गेला असणार, नाहीतर परकराचं प्रकरण घडतं ना. सहा कळ्यांचा परकर, लालभडक पॉपलीनचा. खालचा घेर खरं तर मशीनवर मुडपतात, पण हातशिलाई पक्की व्हावी म्हणून बाईंनी तो हाताने दुमडायला सांगितला. परकराचा घेर म्हणजे थोडीथोडकी लांबी नव्हे. मी खुर्चीवर बसून परकर मांडीवर पसरला आणि एकेक टाका घालू लागलो. कापडाचे दोन-तीन दोरे उचलायचे, सुई तिरकी बाहेर काढायची, दोरा फार ओढायचा नाही. त्या दिवशी हात असा काही चालत होता की विचारू नका. टाके एकसारखे पडत होते. मी मनातल्या मनात आईला हाक मारून दाखवलेसुद्धा.

इतक्यात आमच्या प्राचार्यांच्या सौभाग्यवती ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी आत आल्या. मी तत्परतेने उठून उभा राहिलो आणि हात जोडले.

माझ्याबरोबर परकरही उठला. दोन्ही मांड्यांवर, गुडघ्यापर्यंत, तो माझ्या पँटला पक्का शिवलेला होता. मी घाईने खाली बसलो, त्यामुळे तो आणखी फुलला. प्राचार्यांच्या सौभाग्यवतींनी "बसा, बसा सर" म्हटलं आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचू लागल्या. क्लासातल्या वहिनींनी पदर तोंडात कोंबले. बाई जवळ आल्या, चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी माझी मांडी निरखली आणि म्हणाल्या, "टाका मात्र सुरेख आलाय हो." सबंध क्लासात त्यांनी माझ्या कामाची केलेली ही एकमेव स्तुती.

कन्या अर्धं ब्लेड घेऊन समोर फरशीवर बसली. हसण्याने तिचे खांदे हलत होते, पण हात हलत नव्हता. "हे बघ बाबा. टाका कापायचा, कापड नाही. तीन टाके सोडून चौथा कापायचा, आणि मग सुटलेले दोरे ओढून काढायचे." तिने दोरे ओढले. टाक्यांची सबंध ओळ सरसर सुटून आली. मला बोलायला कारण उरलं नव्हतं, म्हणून मी बघत राहिलो. मग तिने ब्लेड माझ्या हातात दिलं आणि उरलेली मांडी मी स्वतः उसवली. कापड न ओढता, न फाडता, कुणाला काहीही न समजावता.

निकाल लागला, अकरावीचा प्रवेशही झाला. आता कॉलेजातून आल्यावर कन्या इमारतीतल्या साड्यांना फॉल लावून देते. आईच्या प्रत्येक कुर्त्याला तिने खिसा बसवला आहे, आणि बायकांच्या कपड्यांना खिसा का नसतो या विषयावर आता घरात व्याख्यान ती देते. तिची सगळ्यात जास्त मागणी असलेली कामगिरी म्हणजे घट्ट झालेले जुने ब्लाउज सैल करून देणं. त्यासाठी आधी जुनी टीप उसवावी लागते आणि ते काम तिने माझ्याकडे सोपवलं आहे. एवढा सराव इमारतीत दुसऱ्या कुणाला नाही. मी चाळिशीचा चष्मा लावतो, ब्लेडची एक बाजू कागदात गुंडाळतो आणि तीन सोडून चौथा टाका कापत जातो. आजवर एकाही ब्लाउजला माझ्या हातून भोक पडलेलं नाही. मोबदला म्हणून एक चहा मिळतो.

परवा दार वाजलं. बाहेर माझाच एक विद्यार्थी, हातात पिशवी. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातलं ब्लेड पाहिलं आणि मांडीवरचा हिरवा ब्लाउज पाहिला. सर्वेक्षणाच्या तोंडी परीक्षेत मी त्याला मोजमापातल्या अचूकतेवरून नापास केलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं.

"सर, आईने दिलाय. दीड इंच सैल करायचा आहे," तो चाचरत म्हणाला. "होईल ना?"

मी ब्लाउज उलटा केला आणि बाजूची शिवण बोटांनी चाचपली. "माया भरपूर आहे, उसवून ठेवतो," मी म्हणालो. "मापाचं मात्र मला विचारू नकोस. ते आमच्या मॅडम बघतात."